भावाला नक्की कुठला स्किझोफ्रेनिया आहे, कसं ओळखू?

"मावशी, मी देवगडजवळच्या गावातून लिहितेय. भाऊ २३ वर्षांचा, मुंबईत नोकरीला होता, दीड वर्षापूर्वी परत आला. शेजाऱ्यांनी आपल्या आंब्याच्या कलमात माईक लावलाय म्हणायचा, आईने आधी घास खाल्ल्याशिवाय पेजेला हात लावायचा नाही. पहिल्या डॉक्टरांनी फाईलवर पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया लिहिलं, आताचे नुसतं स्किझोफ्रेनिया लिहितात. गोळ्यांनी संशय कमी झाला पण आता दिवसभर पडवीत बसून असतो, बोलत नाही, आंघोळ टाळतो. नेटवर पाच प्रकार वाचले, हा आता कॅटाटोनिक झाला का? बाबा म्हणतात आळशी झालाय, आजी म्हणते बाहेरचं आहे, कौल लावूया."

अगं पोरी, पत्र वाचून आधी तुझ्या आईचाच चेहरा डोळ्यासमोर आला, रोज लेकाच्या ताटातला पहिला घास खाऊन दाखवणारी.

आधी फाईलचं सांगते. स्किझोफ्रेनिया म्हणजे भास आणि खोटे संशय येणारा मनाचा आजार, आणि त्यात संशय-भास जास्त असले की पॅरानॉइड म्हणायचे. दोन्ही डॉक्टर बरोबर आहेत. तू वाचलेले पाच प्रकार, म्हणजे पॅरानॉइड, डिसऑर्गनाइज्ड, कॅटाटोनिक, अनडिफरन्शिएटेड आणि रेसिड्युअल, हे बरीच वर्षं चालत होते, पण डॉक्टर लोक निदानासाठी जे अमेरिकन पुस्तक वापरतात त्या डीएसएममधून ते २०१३ सालीच काढून टाकले, आणि जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही यादी २०२२ पासून लागू झाली तिच्यातही ते नाहीत. कारण अगदी तुझ्याच घरातलं आहे बघ, एकाच माणसात आज संशय असतो, वर्षाने गप्पपणा येतो, मग काय दर वर्षी प्रकार बदलायचा? शिवाय प्रकार लिहिल्याने औषध ठरवायला फारशी मदत होत नव्हती. म्हणून आता प्रकार शोधत बसत नाहीत, कुठली लक्षणं किती आहेत ते बघतात.

आता पडवीतलं बसणं. मला ह्याचीच जास्त काळजी वाटते, कारण ह्याला घरात आळस म्हणतात आणि मग टोमणे सुरू होतात. बोलणं कमी होणं, आंघोळ नको वाटणं, कशातच मन न लागणं ही ह्याच आजाराची लक्षणं आहेत, डॉक्टर त्यांना निगेटिव्ह लक्षणं म्हणतात आणि भास-संशय गेले तरी ती मागे रेंगाळतात. पण तसंच बसणं गोळ्यांमुळेही येऊ शकतं, अंग जड होतं, हात थरथरतात, चालताना हात हलत नाहीत. किंवा डिप्रेशनही असेल. हे तुला मला घरी बसून नाही कळणार, म्हणून एक वही कर. "विचित्र वागतो" असं नको लिहूस, "मंगळवारी दुपारी दोन तास एकटाच पुटपुटत होता, रात्री जेवला नाही, गोळी घेतली" असं तारखेनिशी लिही आणि पुढच्या वेळी ती वहीच डॉक्टरांसमोर ठेव.

कॅटाटोनिया मात्र वेगळं प्रकरण आहे, ते लक्षण अजूनही डॉक्टर मुद्दाम तपासतात. माणूस एकाच अवस्थेत ताठ राहतो, त्याचा हात वर केला तर तसाच वर राहतो, आपलंच वाक्य परत आपल्याला म्हणतो, खाणंपिणं बंद करतो. असं दिसलं, किंवा गोळ्या चालू असताना ताप येऊन अंग कडक झालं, तर एक दिवसही थांबू नका, लगेच दवाखान्यात न्या. कॅटाटोनियावर उपचार आहेत, इंजेक्शनने काही जण लवकर हलू-बोलू लागतात.

परत संशय आला तर वाद घालू नकोस आणि हो ला हो पण करू नकोस. "मला माईक दिसत नाही, पण तुला भीती वाटतेय ते कळतंय, मी बसते इथे" एवढं पुरे. जीव द्यायला सांगणारे आवाज येतात का, हे त्याला सरळ विचार, विचारल्याने त्याच्या डोक्यात नवीन काही घातलं जात नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, कधीही लावता येतो, मराठीत बोलतात. रत्नागिरीला सरकारी मनोरुग्णालय आहे, तुम्हाला जवळ म्हणून ओरोसच्या सरकारी दवाखान्यातही चौकशी कर.

आजीशी भांडू नकोस गं. देवाला नारळ ठेवायचा तर ठेवू दे, तिचाही जीव तुटतोय. फक्त कोणी गोळ्या बंद करा म्हणालं, मारहाण, धुरी, बांधून ठेवणं असलं काही सुचवलं तर तिथे तू आडवी उभी राहा. बरं वाटलं म्हणून मनाने गोळी बंद केली की आजार उलटायचा धोका बराच वाढतो.

आणि पुढच्या फेरीला बाबांना सोबत ने. "हा आळस आहे का आजार" हा प्रश्न त्यांनीच डॉक्टरांना विचारू दे.

— मावशी