बेळगाव भागात चारचौघांत बाळाला अंगावर पाजले तर लोक काय म्हणतात?

आपण लिहिले आहे की, आपले माहेर आजऱ्याचे असून लग्नानंतर आपण बेळगावात आलात, बाळ तीन महिन्यांचे आहे, आणि बसमध्ये किंवा बाजारात ते भुकेने रडू लागले तर तिथेच पाजावे की घरी पोहोचेपर्यंत थांबावे, हे आपल्याला समजत नाही. मी खानापूर तालुक्यात वाढले आणि बेळगाव शहरात दोन मुलांना वाढवले; त्या अनुभवावरून सांगते की तिथेच पाजावे. नावे ठेवणारे भेटतील, परंतु आपल्याला वाटते तितके नाही, आणि ज्यांची आपल्याला भीती वाटते ते बहुधा नव्हेत.

माझ्या लहानपणी भाताच्या रोप लावणीच्या दिवसांत गावातल्या ओल्या बाळंतिणी सोडून बाकी साऱ्या बायका शेतात असत. आंब्याच्या फांदीला झोळी बांधलेली असे, लेकरू रडले की आई चिखलाचे हात धुऊन बांधावर बसे आणि त्याला अंगावर घेई. पदर ओढला जाई, पण तो बाळाला दृष्ट लागू नये म्हणून. बांधावरून जाणारा गडी मान वळवून आपल्या वाटेने जाई आणि त्याविषयी कोणी चकार शब्द काढत नसे. दृष्ट लागते यावर माझा विश्वास नाही, तरीही त्या पदरामागचा विचार मला आजच्या लाजेपेक्षा निकोप वाटतो, कारण त्यात आईच्या शरीराला दोष दिलेला नव्हता.

माझा धाकटा मुलगा पाच महिन्यांचा असताना मी खानापूरहून बेळगावला येत होते. जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेमुळे कर्नाटकात बायकांचा बसप्रवास मोफत झाला होता आणि गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाळाने रडून आकांत मांडला. तेव्हा इरकल नेसलेल्या एका वयस्कर कन्नड बाईंनी ‘बर्री, इल्ले कूड्री’ म्हणत मला खिडकीशी बसवले आणि स्वतः पदर पसरून वाटेच्या बाजूला आडोसा धरून उभ्या राहिल्या. आमच्या या सीमाभागात भाषेवरून किती कटुता झाली आहे हे आपण जाणताच. त्या अर्ध्या तासात मला त्यातले काहीही जाणवले नाही.

दुखावले ते शहरातल्या एका मंगल कार्यालयात, आणि तेही नात्यातल्या शिकलेल्या बाईंनी. ‘इथे नको, आत जा, नाहीतर बाटली तरी आणायची होतीस,’ असे त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. आत खोल्या सामानाने भरलेल्या होत्या. शेवटी मी स्वच्छतागृहाशेजारच्या बोळात उभ्याने पाजले. बाळ ओढत होते आणि मला पान्हाच फुटत नव्हता. पुढे डॉक्टरांनी समजावले की पान्हा फुटणे ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर अवलंबून असते, आणि ताण, भीती किंवा संकोच असेल तर ते नीट स्रवत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत बाळाला दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजावे लागते. मग आईने प्रत्येक वेळी घरच गाठायचे ठरवले, तर तिने घराबाहेर पडायचेच नाही असा त्याचा अर्थ होतो. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्या असे सांगते, तिथे ‘बाटली आणायची’ हा सल्ला सोयीचा असला तरी बाळाच्या हिताचा नाही.

कायद्याची बाजूही आपल्याकडे आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका बाळाच्या ताब्याच्या प्रकरणात स्तनपान हा आईचा हिरावून न घेता येणारा हक्क असून त्याला संविधानाच्या अनुच्छेद २१ चे संरक्षण आहे, असे म्हटले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सार्वजनिक ठिकाणी स्तनपान करण्याला कलंक मानू नये असे सांगितले.

स्वतंत्र कक्ष असावेत, यात वाद नाही. आपण महाराष्ट्रातल्या एसटी स्थानकांवर ‘हिरकणी कक्ष’ पाहिले असतील. इकडे अशा खोलीची पाटी कन्नडमध्ये असते आणि त्यात ‘कोठडी’ हा शब्द दिसला तर दचकू नका. कन्नडमध्ये त्याचा अर्थ साधी खोली असा आहे. चंदगड, गडहिंग्लज, आजरा भागांतून दरवर्षी कितीतरी मुली लग्न होऊन इथे येतात आणि त्यांना कन्नड लिपी येत नाही, म्हणून पाटीवर निदान बाळाला घेतलेल्या आईचे चित्र असावे, असे मला फार वाटते. मात्र खोली आहे म्हणून बाकावर बसून पाजणाऱ्या आईला कोणी तिकडे पिटाळणार असेल, तर ती सोय राहत नाही.

बाहेर पडताना पुढून उघडणारा कुर्ता किंवा पुढे हुक असलेला ब्लाऊज घाला आणि एक सुती ओढणी जवळ ठेवा. मोबाईलवर कोणी चित्रण करत आहे अशी शंका आली, तर गप्प न बसता मोठ्याने विचारा. गर्दीत शेजारच्या बाईंना म्हणा, ‘अक्का, कूसिगे हालु कुडिसबेकु, स्वल्प जागा कोड्री.’ बाळाला दूध पाजायचे आहे, थोडी जागा द्या, एवढाच त्याचा अर्थ. हे म्हटल्यावर जागा मिळाली नाही, असे माझ्या बाबतीत एकदाही घडलेले नाही.