वन बीएचकेचं रिनोव्हेशन: 'सगळं धरून 6 लाख' या कोटेशनवर विश्वास ठेवावा का?

तुमचा मुलुंडला जुन्या इमारतीत 420 स्क्वेअर फूट कार्पेटचा वन बीएचके आहे. कॉन्ट्रॅक्टर 'सगळं धरून 6 लाख' म्हणतोय, निम्मे आगाऊ मागतोय आणि जूनमध्ये सुरू करून गणपतीआधी घर द्यायचं म्हणतोय. मी मुंबईत घरदुरुस्तीची कामंच बघतो. माझं मत विचाराल तर या कोटेशनवर एक रुपयाही देऊ नका. माणूस लबाड असेल असं मी म्हणत नाही, पण काम अर्ध्यावर आल्यावर 'हे धरलं नव्हतं' असं तो म्हणाला, तर दाखवायला तुमच्या हातात काही नाही.

आधी सोसायटीत एक चौकशी करा. इमारत 30 वर्षांपेक्षा जुनी असेल तर मुंबई महानगरपालिका कायद्याच्या कलम 353 ब प्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इंजिनिअरकडून इमारतीच्या मजबुतीची तपासणी, बंधनकारक आहे. तो रिपोर्ट मागून वाचा. रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू असतील तर 6 लाख घालूच नका. नळ आणि वायरिंग नीट करून घ्या आणि थांबा.

मग कामवार कोटेशन मागा. लादी किती स्क्वेअर फूट, कोणत्या दराची, बसवायची मजुरी किती, स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची लादीची पट्टी) धरलंय का. ओटा किती रनिंग फूट. पुट्टीचे हात किती, रंगाचे किती. वायर दिव्यांना 1.5, प्लगना 2.5 आणि एसी-गिझरला 4 स्क्वेअर एमएम, शिवाय 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. सिंकखालच्या कपाटाला आयएस 710 चा मरीन प्लायच (पाण्यात टिकणारा प्लाय) हवा. बेडरूमच्या कपाटाला त्याची गरज नाही, तिथे पैसे वाचवा. जीएसटी आत की बाहेर हेही लिहून घ्या. 18 टक्क्यांनी 6 लाखांवर 1 लाख 8 हजार होतात, आणि हा आकडा बरेचदा शेवटच्या बिलात उगवतो. डेब्रिजच्या गोण्या खाली उतरवणं, टेम्पो, सोसायटीचं डिपॉझिट हे सगळं कागदावर हवं. एवढं करून एकूण रकमेच्या 10 ते 15 टक्के बाजूला ठेवा, कारण जुनी लादी उचलल्याशिवाय खाली काय आहे ते कळत नाही.

जुन्या घरात माझा सगळा जीव बाथरूममध्ये असतो. पीओपी, फॅन्सी दिवे पुढच्या वर्षीही होतील. वॉटरप्रूफिंग चुकलं तर नवी लादी फोडावी लागते आणि खालच्यांचं छतही तुमच्याच खर्चाने करून द्यावं लागतं. गंजलेले जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणीही चालणारे प्लॅस्टिकचे पाइप टाका. वॉटरप्रूफिंग झालं की लादी बसवण्याआधी पाणी भरून बघा. नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतल्या पाणी जायच्या जाळीचं तोंड पक्कं बंद करायचं, चारेक इंच पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची आणि 48 तास हात लावायचा नाही. थोडंसं पाणी हवेने उडतं, पण खूण सोडून चांगलं खाली गेलं तर गळती आहे. दोन्ही दिवस खालच्या मजल्यावर जाऊन छताला आणि पाइपांच्या कडेला हात लावून बघा, तिथे राहणाऱ्या काकूंना आधी सांगून ठेवा. कॉन्ट्रॅक्टर 'एक दिवस पुरे' म्हणेल. ऐकू नका.

पैसे कामाच्या मागून जाऊ द्या, पुढे नको. 6 लाखांचं काम असेल तर 60 हजार आगाऊ ठीक आहेत. पुढचा हप्ता तोडफोड आणि प्लंबिंग झाल्यावर, त्यानंतरचा पाणी भरायची चाचणी पास झाल्यावर, मग लादी, मग सुतारकाम, मग रंग. शेवटचे 5 टक्के, म्हणजे 30 हजार, एक पावसाळा जाईपर्यंत ठेवायचे, आणि हे पहिल्याच दिवशी लिहून सही घ्यायची. चांगला कॉन्ट्रॅक्टर थोडी कुरकुर करून मान्य करतो. मधेच काही वाढवलंत, एखादा जादा प्लग का असेना, तर त्याचा दर त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी जादा कामांनीच बिल फुगतं. आणि कुठलीही भिंत काढायची म्हणाला तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय हातोडा लावू देऊ नका; बीम-कॉलमला तर कधीच नाही.

जूनचा हट्ट सोडा. मुंबईच्या दमट हवेत भिंती वाळत नाहीत, पुट्टी फुगते, लाकूडही ओलावा धरतं. घाई असेल तर पावसाळ्यात फक्त बाथरूम आणि प्लंबिंग करा, रंग-सुतारकाम दसऱ्यानंतर घ्या. दिवाळीच्या आसपास कारागीर गावाला जातात, ते दिवस हिशेबात धरा.

आणखी एक. भिंतीत झिऱ्या (खाचा) मारून पाइप आणि वायरी बसल्या की गिलावा करण्याआधी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा, जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून अंतर दिसेल असा. नंतर देव्हारा किंवा टीव्ही लावायला ड्रिल घेऊन कुणी येईल तेव्हा पाइप नेमका कुठून जातो ते तुम्हाला दाखवता येईल.