रेसिडेन्सी करू की नोकरी धरू?

मावशी, मी फिलाडेल्फियात ऑप्टोमेट्रीच्या, म्हणजे डोळे तपासण्याच्या शिक्षणाच्या, चौथ्या वर्षाला आहे. चष्म्यांच्या एका मोठ्या दुकानात नोकरी ठरल्यात जमा आहे. पण माजी सैनिकांच्या रुग्णालयात रोटेशन, म्हणजे शिकाऊ पाळी, होती, तिथे मधुमेह असलेल्या एका आजोबांच्या दृष्टिपटलावरचा रक्तस्राव आधी मला दिसला. तेव्हापासून वाटतंय, पदवीनंतर वर्षभराची रेसिडेन्सी करावी, म्हणजे वरिष्ठांच्या हाताखाली रुग्ण बघत शिकावं. एकटीने रुग्ण बघायची भीतीही वाटते. आई म्हणते, आधीची पदवी धरून आठ वर्षं शिकलीस, आता कर्ज फेड.
– र.

प्रिय र.,

तुझं पत्र इथे आवरून छापलंय. मूळ पत्रात नोकरीबद्दल फक्त पगाराचा आकडा आहे आणि त्या आजोबांबद्दल पानभर मजकूर!

परवान्यासाठी रेसिडेन्सी लागत नाही, स्वतःचं क्लिनिक काढणाऱ्या कितीतरी जणी ती करत नाहीत. निव्वळ भीतीपोटी जाणार असशील, तर नको जाऊस. शेजारच्या खोलीत जाणता डॉक्टर असेल तर ती भीती नोकरीतही ओसरते. तुझं मन मात्र रुग्णालयात, काचबिंदूच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांमध्ये अडकलंय. तिथल्या जागांसाठी आणि कॉलेजात शिकवण्यासाठी रेसिडेन्सी केलेल्यांना बहुधा पसंती मिळते. दोन-चार वर्षांनी, घराचे हप्ते सुरू झाल्यावर, पूर्ण पगार सोडून मागे येणं फार जड जातं गं. माझं मत विचारशील तर अर्ज कर.

आईला धास्ती कर्जाची आहे, तुझ्या शिकण्याची नाही. तिच्याशेजारी कागद घेऊन बस. मानधन बहुतेक ठिकाणी नोकरीच्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास, कुठे त्याहूनही कमी. सरकारी कर्जाचा हप्ता मिळकतीप्रमाणे बांधून घेता येतो, पण त्या वर्षात मुद्दल फारसं हलणार नाही. हे तिच्यापासून लपवू नकोस.

आणि जागा पारखून घे. मॅचमध्ये, म्हणजे उमेदवारांच्या आणि रेसिडेन्सीच्या जागांच्या पसंतीच्या याद्या जुळवतात तिथे, नाव जुळलं की मागे फिरता येत नाही, म्हणून जिथे खरंच जायचं नाही ती जागा यादीत घालूच नकोस. मुलाखतीला गेलीस की सध्याच्या रेसिडेंटला एकटं गाठ. दिवसाला रुग्ण किती, अडलं तर वरिष्ठ येऊन बघतात का, की नुसते नंबर काढायला बसवतात? उत्तर देताना ती इकडेतिकडे बघू लागली, तर तुला काय ते कळेल.

आणि ते आजोबा पुढच्या तपासणीला आले का, तेही कळव.

– मावशी