तुझ्या पहिल्या एकल प्रदर्शनाआधी

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीत तुझा नंबर लागल्याचं कळलं. अर्ज टाकून लोक तिथे वर्षानुवर्षं थांबतात. त्यामुळे तारीख हाती आली की आधी पेढे आणि मग धास्ती, हा क्रम ठरलेलाच. पेढे पोचले. आता धास्तीचं बघू.

सत्तावीस चित्रं लावायची म्हणतेस. कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली दोन, कोकणातली निसर्गचित्रं, लॉकडाउनमधली शाईची रेखाटनं आणि गेल्या दोन वर्षांतली पत्र्याच्या छपरांची मालिका. हा तुझा बायोडेटा झाला, प्रदर्शन नव्हे. बॉम्बे आर्ट सोसायटीत किंवा राज्य कला प्रदर्शनात तुझं एकच चित्र होतं आणि शेजारी परक्यांची. तिथे ते उठून दिसलं की भागलं. एकल प्रदर्शनात तुझंच एक चित्र दुसऱ्याला मारतं. छपरं ठेव, बाकी सगळं घरी. गंजलेल्या पत्र्याचा विटकरी आणि त्यावर टाकलेल्या ताडपत्रीचा तो उन्हानं विटलेला निळा, विटा ठेवलेल्या जागी मात्र गडद राहिलेला, हे इतकं निरखून केलेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. चौदा-पंधरा चित्रं पुष्कळ झाली. निसर्गचित्रं वाईट नाहीत, पण लोकांना आवडतील ती तीच, आणि मग आठवडाभर त्यांचंच कौतुक ऐकत बसशील.

एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. तुझी चित्रं तू अजून नीट पाहिलेलीच नाहीस. डोंबिवलीच्या त्या खोलीत कॅनव्हासपासून तीन फुटांवर उभी राहतेस, मागे सरकलीस तर कपाट लागतं. दालनात माणूस पहिल्यांदा चित्र बघतो ते दहा-बारा फुटांवरून. तिथून तुझे बारीक पोत दिसणार नाहीत. दिसेल तो नुसता गडद-फिक्याचा आराखडा. म्हणून आत्ताच एखाद्या रविवारी शाळेचा वर्ग नाहीतर सोसायटीचा हॉल माग. सगळी चित्रं भिंतीला टेकवून ओळीनं लाव आणि समोरच्या टोकाला जाऊन बस. कुठली चित्रं लांबून मळकट दिसतात ते पाच मिनिटांत कळतं. दोन-तीन तर तिथेच बाद होतील. वाईट वाटेल, पण जहांगीरच्या भिंतीवर वाटण्यापेक्षा आधी वाटलेलं बरं.

तिथला आठवडा मंगळवार ते सोमवार. म्हणजे आधीच्या माणसाचं उतरणं आणि तुझं लागणं यांत वेळ थोडाच. हातोडी लगेच घेऊ नकोस. आधी सगळी चित्रं जमिनीवर भिंतीला टेकवून ठेव आणि फिरव. दारातून आत येताच समोर दिसणारी भिंत सगळ्यात महत्त्वाची. तिथे एकच मोठं चित्र, शेजारी काही नको. लावताना वरच्या कडा एका रेषेत आणण्याचा मोह होतो, पण लहान-मोठी चित्रं असताना ते दुकानासारखं दिसतं. प्रत्येक चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५७-५८ इंचांवर धर, डोळ्याच्या पातळीला. मग दिवे. व्हार्निश केलेल्या चित्रावर दिवा तिरका नसेल तर मधोमध पांढरा डाग चमकतो आणि लोक मान वाकडी करून बघतात. लावायला दोनच माणसं घे, त्यातलं एक उंच. हौशी नातेवाइकांना चहाला पाठव. प्रत्येकाला वाटतं, 'हे जरा डावीकडे हवं होतं.'

तैलरंगातली शेवटची चार चित्रं नुकती झालीत ना? त्यांना व्हार्निश लावू नकोस. वर हाताला कोरडं लागलं तरी आत रंग ओला असतो. सहा महिने तरी जाऊ देत. बबलरॅप थेट रंगावर गुंडाळू नकोस, दमट हवेत त्याचे गोल ठसे उठतात. आधी बटरपेपर, मग बबलरॅप, कोपऱ्यांना पुठ्ठा. टेम्पोत चित्रं उभीच ठेवायची, आडवी रचायची नाहीत. आणि प्रत्येक कॅनव्हासच्या मागे शीर्षक, माध्यम, आकार, साल आणि सही. आकारात उंची आधी, रुंदी नंतर. वीस वर्षांनी ते चित्र कुणाच्या भिंतीवरून उतरलं, तर तुझी ओळख त्या पाठीवरच असणार.

किंमत आकारावरून ठरव आणि सगळ्या गिऱ्हाइकांना एकच ठेव. जास्त आवडतं म्हणून जास्त किंमत, असं नको. विकवत नसेल तर लावूच नकोस. पुढे एखाद्या खासगी गॅलरीनं तुझं काम विकायला घेतलं, तर तिचं कमिशन तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जाऊ शकतं, हे धरूनच आकडा ठरव. तो सांगताना चाचरायचं नाही. बाहेर फुटपाथवर बसणारे चित्रकार बघ, गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघून भाव सांगतात. मावशीला सवलत दिलीस तर ती मावशीपुरती राहत नाही. आणि चित्र विकलं तरी त्याचा कॉपीराइट, १९५७ च्या कायद्याप्रमाणे, तुझ्याकडेच राहतो, जोवर तू लिहून देत नाहीस. घेणाऱ्यानं उद्या कॅलेंडर छापायचं म्हटलं, तर तुला विचारावं लागेल. कुणी पैसे देऊन खास काढून घेतलेल्या चित्राचं मात्र वेगळं; तिथे आधी कागद कर.

भाडं, फ्रेमा, टेम्पो, कॅटलॉग हे सगळं विक्रीतून निघेल या भरवशावर कर्ज काढू नकोस. नोकरी सोडायचा विचारही तूर्त नको. चित्रकार प्रभाकर बरव्यांनी बरीच वर्षं सरकारी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, त्यानं त्यांच्या चित्रांचं काही बिघडलं नाही. २०१९ साली जवळच्याच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा त्यांच्या डायऱ्याही मांडल्या होत्या. तूही एक वही जवळ ठेव. अभिप्रायाची नव्हे, त्यात सगळे 'अप्रतिम' लिहितात. तुझी स्वतःची. कोण कुठल्या चित्रापाशी थांबलं, कुठून मागे वळलं, एवढंच टिपायचं. प्रवेश मोकळा असल्यामुळे तिथे सगळे येतात: कोर्टातले वकील, म्युझियम बघून दमलेली कुटुंबं, नुसते एसीसाठी शिरलेले. यांच्याकडे लक्ष दे, ते तुला खूश करायला आलेले नसतात. कुणी विचारलं, 'हे काय काढलंय?' तर 'धारावीच्या पुलावरून दिसणारी छपरं' असं सरळ सांग. 'अस्तित्वाच्या स्तरांचा शोध' वगैरे नको. प्रदर्शनाच्या निवेदनात तू ते लिहिलंयस, तेही काढून टाक. चार वाक्यं पुरे: काय, कुठलं, कशात केलं, किती काळ.

प्रमुख पाहुणे, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ हे आईबाबांच्या हौसेसाठी करायचं तर कर, अर्ध्या तासात आटप. मी उद्घाटनाला येणार नाही. त्या गर्दीत चित्रं दिसत नाहीत. गुरुवारी दुपारी येईन, तेव्हा गॅलरीत तूच असावीस, मैत्रिणीला बसवून जेवायला गेलेली नको.

निवडलेल्या चित्रांचे फोटो येत्या रविवारपर्यंत पाठव. पाठीचेसुद्धा.

तुझा,
सर