वाचकांचे प्रश्न : शेक, एक्स-रे आणि रुग्णाची सुरक्षितता

प्रश्न : माझ्या वडिलांना घशाचा कर्करोग झाला आहे. त्यांना किरणोपचाराचे ३५ शेक सांगितले असून त्यांपैकी ११ झाले आहेत. चेहऱ्यावर जाळीचा साचा घट्ट बसवतात, त्याची त्यांनी धास्ती घेतली आहे. तिथली माणसे रोज नाव विचारतात, म्हणून ते त्रागा करतात. आई नातवंडांना त्यांच्याजवळ फिरकू देत नाही. चवथही (गणेशचतुर्थी) जवळ आली आहे आणि आमच्या घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळापानांची आरास, दरवर्षी बाबाच बांधतात. चार दिवस शेक थांबवले तर चालेल का?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : आधी नातवंडांचे पाहू, कारण तिथे बाबांची मायेची विनाकारण उपासमार चालली आहे. यंत्रातून बाहेरून दिलेला किरणोपचार यंत्र बंद होताच संपतो. बाबांच्या अंगात, कपड्यांत किंवा जेवणाच्या ताटात काहीही उरत नाही, त्यामुळे खोलीतून बाहेर आल्याबरोबर त्यांनी नातवाला मांडीवर घ्यायला कसलीच हरकत नाही. थायरॉईडच्या विकारावर पोटातून किरणोत्सर्गी आयोडीन घेतलेल्या रुग्णाला मात्र काही दिवस मुलांपासून आणि गरोदर स्त्रियांपासून दूर राहावे लागते. आपल्याकडे या दोन उपचारांची गल्लत फार होते आणि घरात एकटे पडलेल्या रुग्णाला तिची झळ बसते.

रोजच्या नाव विचारण्याबद्दल मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण मी स्वतः बरीच वर्षे किरणोपचार विभागात टेबलाशेजारी उभे राहून हाच प्रश्न विचारत आलो आहे. आपल्या गोव्यात एका सकाळच्या यादीत तीन नाईक आणि दोन गावकर असणे अगदी नेहमीचे आहे. कर्मचाऱ्याने ‘तुम्ही नाईक ना?’ असे विचारले की घाबरलेला किंवा ऐकायला कमी येणारा माणूस सहज मान डोलावतो. म्हणून नाव रुग्णाच्याच तोंडून घ्यायचे, ते फाईलवरील छायाचित्राशी ताडून पाहायचे आणि उपचार कोणत्या भागावर, कोणत्या बाजूला आहे हेही विचारायचे, अशी पद्धत आहे. बाबांना बोलताना त्रास होत असेल तर त्यांनी कार्ड दाखवावे. ज्या दिवशी कोणीच काही विचारणार नाही, त्या दिवशी तुम्ही आपणहून नाव सांगावे.

साच्याची धास्ती मी समजू शकतो. गरम पाण्यात मऊ केलेला प्लास्टिकचा पत्रा चेहऱ्यावर ओढून बसवतात आणि थंड झाल्यावर तो त्या माणसाच्या नाकाडोळ्यांचा आकार कायम धरून ठेवतो. घशाच्या उपचारात किरण द्यायच्या भागाभोवती सोडलेली जास्तीची जागा साधारण ३ ते ५ मिलिमीटरच असते आणि मज्जारज्जू व लाळग्रंथी तिथून जवळच असतात, त्यामुळे मान थोडी वळली तरी किरण नको तिथे जाऊ शकतात. खोलीत बाबा एकटे असले तरी कॅमेऱ्यातून त्यांच्यावर सतत नजर असते. घुसमट झाली तर हात वर करायचा. किरण तत्काळ थांबवता येतात. हे पहिल्याच दिवशी नीट समजावून सांगितले, तर निम्मी भीती तिथेच ओसरते, असा माझा अनुभव आहे. दुसरी एक गोष्ट घरच्यांनी पाहावी. तोंड सोलवटल्यामुळे जेवण कमी होते, वजन उतरते आणि साचा सैल पडतो. बाबांना तो सैल वाटू लागला तर त्याच दिवशी सांगावे, कारण कधी कधी पुन्हा सीटी स्कॅन करून उपचाराचे नियोजन बदलावे लागते. जेवणात तिखट हुमण (माशाची आमटी) आणि सोलकढी सध्या बाजूला ठेवून पेज, मऊ भात, काटे काढलेला वाफवलेला मासा असे द्यावे. मानेवर वस्तरा फिरवू नये, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या त्वचेवर तेल किंवा मलम लावू नये.

आता चवथ. चार दिवस थांबवू नका, असेच मी कळकळीने सांगेन. उपचार लांबला की उरलेल्या कर्करोगाच्या पेशी त्या काळात पुन्हा वाढू लागतात. डोके आणि मान या भागाच्या कर्करोगात उपचाराचा एकूण काळ एका दिवसाने वाढला, तर आजार आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते, असे मानले जाते. चार दिवसांचा हिशेब तुम्हीच करा. सुट्टीमुळे विभाग बंद असेल, तर डॉक्टर शनिवारी शेक देऊन किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन शेक देऊन ती तूट भरून काढू शकतात. पण त्यासाठी त्यांना आधी कळले पाहिजे. म्हणून आजच विभागात जाऊन सकाळची पहिली वेळ मागून घ्या. चवथीच्या आदल्या दिवशी शेक घेऊन बाबा दुपारपर्यंत घरी पोहोचतील. माटोळीला कांगल्यांची रानफळे आणि नारळ बांधायला मुलगा शिडीवर चढेल आणि बाबा खुर्चीत बसून कुठे काय बांधायचे ते सांगतील.

प्रश्न : चार वर्षांच्या मुलाच्या हाताचा एक्स-रे काढताना मी त्याला धरून उभी होते. मला तेव्हा दुसरा महिना होता, पण मी ते सांगितले नाही. झोप उडाली आहे.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण शांत व्हावे. मुलाच्या हाताच्या एक्स-रेला लागणारी मात्राच अत्यल्प असते आणि बाजूला उभ्या असलेल्या आपल्यापर्यंत तिचा अगदी किरकोळ अंश पोहोचतो. जमीन, हवा आणि आकाश यांतून प्रत्येक माणसाला वर्षाला सरासरी सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतच असतो, आणि गर्भाला इजा होण्याची चिंता साधारण १०० मिलिसिव्हर्टच्या पुढे करतात. आपला प्रसंग त्याच्या जवळपासही जात नाही, तेव्हा या कारणासाठी गर्भपाताचा विचार मनातही आणू नये. मात्र झाली गोष्ट आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालावी. यापुढे मुलाला धरायला त्याच्या वडिलांनी शिशाचा ॲप्रन घालून उभे राहावे. चूक एकट्या आपली आहे, असे मी म्हणणार नाही. आत बोलावणाऱ्याने आपणहून विचारायला हवे होते.

प्रश्न : सासूबाईंचे एमआरआय आहे. मंगळसूत्र आणि काकणे काढायला त्या तयार नाहीत. एमआरआयमध्ये किरण नसतात, मग हा आग्रह कशासाठी?
– एक वाचक, काणकोण

उत्तर : एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात हे खरे, पण तिथे प्रचंड शक्तीचे चुंबक असते आणि तपासणी चालू नसतानाही ते जागेच असते. २०१८ साली मुंबईत एका रुग्णाच्या नातेवाइकाने प्राणवायूचा सिलिंडर त्या खोलीत नेला. यंत्राने तो सिलिंडर माणसासह ओढून घेतला आणि त्या तरुणाचा जीव गेला. सोने चुंबकाकडे ओढले जात नाही, पण धातू तापून चटका बसू शकतो आणि गळ्याजवळची प्रतिमा बिघडते. मंगळसूत्र काढून सासऱ्यांच्या किंवा तुमच्या हातात द्यावे आणि तेवढा वेळ गळ्यात साधा हळदीचा दोरा बांधावा. अनेक घरांत यावर समाधान झालेले मी पाहिले आहे. काचेच्या साध्या काकणांचा सहसा अडथळा होत नाही. त्यांवर सोनेरी नक्षी असेल तर टेक्नॉलॉजिस्टला दाखवावीत. हृदयात पेसमेकर, मेंदूत शस्त्रक्रियेत बसवलेली क्लिप किंवा डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला असेल, तर ते मात्र दाराशी नव्हे, तपासणीची तारीख घेतानाच सांगावे.