माहेर दोन ओळींत कसं बसवायचं?

प्रश्न : आमची नात अकरावीत आहे. कोरियन मालिका बघता बघता तिने ती लिपी शिकून घेतली. आपला देश एवढा पुढे चाललाय, तर आपणही सरकारी पैशातून चित्रपट-मालिका जगभर पाठवायला नकोत का? की अर्थव्यवस्था आणि सैन्य भक्कम असलं की पुरे? – एक आजोबा, कोथरूड

उत्तर : आजोबा, पाठवायलाच हव्यात. सैन्याचा धाक वाटतो, बाजारपेठेशी व्यवहार होतो. तुमच्या नातीला लागलीय तशी ओढ त्यांनी लागत नाही. कोरियाने १९९७च्या आर्थिक संकटानंतर या उद्योगाला जाणूनबुजून बळ दिलं, त्याची फळं आज तुमच्या घरात दिसताहेत.

मात्र यातून सरकारांची भांडणं मिटतील असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. २०१७च्या मे महिन्यात ‘दंगल’ चीनमध्ये झळकला, तिथे त्याने भारतापेक्षाही जास्त कमाई केली. आणि जूनमध्ये डोकलामला दोन्हीकडचे जवान समोरासमोर उभे होते.

माझा आग्रह आहे तो पैसा कुठे घालायचा, याबद्दल. मी २२ वर्षं मराठी चित्रपटांची इंग्रजी सबटायटल्स लिहिते. मागे एका चित्रपटात सून पिशवी भरता भरता सासूला म्हणते, “चार दिवस माहेरी जाऊन येते.” पडद्यावर जेमतेम दोन सेकंद. ‘आईकडे जाते’ असं लिहिलं की नुसता पत्ता कळतो. तीन संध्याकाळी त्या वाक्यात गेल्या. शेवटी लक्षात आलं, सासू पुढे म्हणते, “जा, पोटभर झोपून ये.” माहेर त्यातच आहे! मग सुनेचं वाक्य आखूड केलं आणि सासूच्या ओळीला पुरेसा वेळ दिला.

अशा कामाला वेळ लागतो, आणि तोच मिळत नाही. एका निर्मात्याने परदेशातल्या महोत्सवाच्या चार दिवस आधी मला फाइल पाठवली होती. दोन वर्षं खपून केलेला चित्रपट, आणि परक्या प्रेक्षकापर्यंत तो पोचवणारे शब्द चार दिवसांत! मला आजही त्याचं वाईट वाटतं.

आपल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात पूर्वी प्रभातचा स्टुडिओ होता. तिथला ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विषय देहूचा, भाषा मराठी, काहीही पातळ केलेलं नाही. म्हणून मला वाटतं, परदेशात आवडेल असं काही मुद्दाम बनवायला सरकारने पैसे देऊ नयेत. आहे ते उत्तम भाषांतरित करायला द्यावेत. तेही इंग्रजीच्या वळशाने नाही, तर मराठीतून थेट जपानी, स्पॅनिश, अरबीत. पुण्यात जपानी आणि जर्मन शिकणारी मुलं गल्लोगल्ली भेटतात. त्यांना या कामाचं नीट मानधन मिळालं तर ती हे आनंदाने करतील.

तुमच्या नातीला विचारा, माहेरासाठी कोरियनमध्ये ती कुठला शब्द वापरेल? तिचं उत्तर मला जरूर कळवा.