उष्णतेला वळण लावता येतं का?

प्रश्न : उष्णता गरम बाजूकडून थंड बाजूकडे जाते असं शाळेत शिकलो. आता वाचतोय की खास बनवलेल्या पदार्थात ती वळवता येते, उलटीसुद्धा करता येते. मग तो नियम मोडला का?

उत्तर : नाही हो, नियम शाबूत आहे. तो फक्त म्हणतो की उष्णता आपणहून गरमकडून थंडाकडे जाणार, पण वाट सरळच असली पाहिजे असं तो कुठे म्हणतो? वाट ठरवतो पदार्थ. लाकडात बघा, रेषांच्या दिशेने उष्णता जास्त सहज जाते, आडवी जाताना अडखळते. हेच मुद्दाम करायचं तर एक चांगला वाहक आणि एक मठ्ठ असे पातळ थर आलटून पालटून लावायचे, मग थरांच्या बाजूने उष्णता सुसाट जाते आणि आरपार जायला गेली की दर दुसऱ्या थराला अडते. थर तिरके ठेवले की प्रवाह पण तिरका.

२०१२ मध्ये हार्वर्डच्या नारायण आणि सातो या दोघांनी रबर आणि सिलिकोनचे (रबरासारखाच लवचीक पदार्थ, चिपमधलं सिलिकॉन नव्हे) असे ४० थर गोल गुंडाळले. उष्णता मधल्या जागेला वळसा घालून गेली आणि पलीकडे परत पहिल्यासारखी सरळ. याला काहीजण ‘उष्णतेपासून लपवणं’ म्हणतात, मला तो शब्द फसवा वाटतो, कारण मधली जागा थंडगार राहत नाही, शेवटी दोन्ही टोकांच्या मधल्या कुठल्यातरी तापमानाला येऊन बसते, फक्त सगळीकडे सारखी.

उष्णता उलटी करण्याचं कोडं तांब्याच्या आणि पॉलियुरेथेनच्या (उष्णता फारशी न वाहणारं प्लास्टिक) गोल वळत आत जाणाऱ्या पट्ट्यांचं. गरम बाजूची उष्णता तांब्यावरून गोल फिरत आत येते ती थंड बाजूच्या अंगाला, त्यामुळे आतल्या भागात तापमानाचा उतार उलटा दिसतो. पण कुठलीही एक पट्टी धरून चालत जा, उतार गरमकडून थंडाकडेच.

आणि ही रचना म्हणजे डायोड, म्हणजे एकाच दिशेने वाट देणारी झडप, नव्हे, बरेच जण इथे घोळ करतात. टोकांची अदलाबदल केली की तेवढीच उष्णता उलट्या दिशेने जाते. एकाच दिशेला झुकतं माप हवं असेल तर तापमानाबरोबर वाहकता बदलणारे पदार्थ जोडणं असं काहीतरी वेगळंच करावं लागतं. २००६ मध्ये बर्कलीत एका टोकाला जड केलेल्या नॅनोट्यूबवर (अतिसूक्ष्म नळीवर) असा एका दिशेला झुकतं माप देण्याचा प्रयोग झाला होता, दोन दिशांमधला फरक मिळाला २ ते ७ टक्के.